ओढीचे जनावर : पर्शरॉन घोडा आणि वऱ्हाडचा बैल

विज्ञानाच्या पाठात ‘अश्वशक्ती’ हा शब्द येतो, तेव्हा बुलढाणा जिल्ह्यातील मुलांपुढे घोड्याचे जे चित्र उभे राहते ते बहुधा वरातीतल्या घोड्याचे असते. घोडा नांगर ओढतो, ओझ्याची गाडी ओढतो, ही कल्पना त्यांस अपरिचित आहे. कारण या मुलुखात ओढीचे काम शतकानुशतके बैलाने केले. महाराष्ट्राने घोडा पाळला नाही असे नव्हे. भीमा नदीच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टे मराठ्यांच्या फौजेत प्रसिद्ध होती. परंतु ती स्वाराची तट्टे होती, नांगराची नव्हेत. मुंबईत ९ मे १८७४ पासून १९०५ पर्यंत ट्रामगाड्या घोड्यांनी ओढल्या. खेड्यातील शेत मात्र बैलाचेच राहिले. असे का झाले, हे समजून घेण्यासाठी ओढीच्या घोड्याची एक जात आणि आपल्याकडील बैल यांची तुलना उपयोगी पडते.

पर्शरॉन घोडा

फ्रान्सच्या वायव्य भागात पर्श नावाचा प्रांत आहे. तेथील जड ओढीच्या घोड्यास त्या प्रांतावरून पर्शरॉन हे नाव पडले. रंग बहुधा करडा किंवा काळा, छाती रुंद, पुठ्ठा भरदार, पाय आखूड व जाड हाडाचे, असे त्याचे रूप असते. पूर्ण वाढलेल्या घोड्याचे वजन बहुधा ८०० ते १००० किलोच्या दरम्यान भरते. एवढा देह असूनही तो स्वभावाने शांत व शिकवण्यास सोपा असतो. प्रथम टपालाच्या व प्रवाशांच्या गाड्यांना, पुढे पॅरिस शहरातील सार्वजनिक गाड्यांना, नंतर नांगराला व अवजड मालाच्या गाड्यांना हा घोडा जुंपला गेला. कामाचे स्वरूप जसजसे जड होत गेले, तसतशी पर्शच्या शेतकऱ्यांनी अधिक जड नरांची निवड केली. आज हयात असलेल्या सर्व पर्शरॉन घोड्यांची वंशावळ १८२३ साली जन्मलेल्या ‘झाँ ल ब्लाँ’ या एकाच घोड्यापर्यंत नेली जाते. हे सांगता येते, कारण त्या जातीची वंशनोंद ठेवली गेली. फ्रान्समधील नोंदवही १८८३ साली सुरू झाली.

ही जात अमेरिकेतही मोठ्या संख्येने गेली. १९३० च्या सुमारास तेथील शुद्ध वंशाच्या ओढीच्या घोड्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक पर्शरॉन होते. पुढे ट्रॅक्टर आला आणि घोड्याचे काम संपले. १९५४ साली संबंध अमेरिकेत केवळ ८५ नवे पर्शरॉन नोंदले गेले. आमिश पंथाचे शेतकरी व काही हौशी पालक यांनी थोडे घोडे टिकवले होते. त्यांच्यापाशी जनावरे होती व वंशावळीची वही होती. म्हणून शतकाच्या अखेरीस ही नोंद पुन्हा वर्षाला हजारांच्या घरात जाऊ शकली.

ओढीचे गणित

जनावर दिवसभर सावकाश काम करते तेव्हा ते आपल्या वजनाच्या सुमारे एकदशांश इतका जोर सतत लावू शकते, असा ढोबळ नियम आहे. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्याचे जे काम, ती सामान्यतः एक अश्वशक्ती मानतात. चारशे किलोचे दोन बैल मिळून ८० किलोचा जोर लावतात आणि ताशी तीन किलोमीटर, म्हणजे सेकंदाला पाचषष्ठांश मीटर चालतात, असे धरू. त्या जोडीची शक्ती आठनवमांश अश्वशक्ती येते. नऊशे किलोचा एकच पर्शरॉन ९० किलोचा जोर लावून ताशी चार किलोमीटर चालला, तर त्याची शक्ती एक पूर्णांक एकतृतीयांश अश्वशक्ती भरते. सातवीच्या मुलांना हे उदाहरण फळ्यावर सोडवता येईल.

आकड्यांवरून घोडा श्रेष्ठ ठरतो. तथापि शेतीचा निकाल केवळ आकड्यांवर लागत नाही.

पहिले कारण जमीन. घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद या पूर्णाकाठच्या भागात काळी जमीन खोल आहे. पावसाळ्यात ती चिकट होते. बैलाचा खूर दुभंगलेला असतो. पाय टेकताना तो फाकतो आणि उचलताना मिटतो, त्यामुळे चिखलातून पाय सुटणे सोपे जाते. घोड्याचा खूर अखंड असल्याने चिखल त्यास धरून ठेवतो. दुसरे कारण चारा. बैल रवंथ करणारा आहे. ज्वारीचा कडबा, तुरीचे व हरभऱ्याचे कुटार यांवर तो निभावतो, आणि कामाच्या दिवसांत सरकी किंवा ढेप मिळाली की पुरते. जड कामाच्या घोड्यास मात्र दाणा लागतोच. म्हणजे ज्वारी आणि कापूस पिकवणारे शेतच बैलाचे पोट भरते. तिसरे कारण सामानाचे. बैलाला वशिंड असते. जू त्याच्या पुढे मानेवर टेकले की झाले. घोड्याला वशिंड नाही. मानेवर दाब आला तर त्याचा श्वास कोंडतो, म्हणून त्याच्या खांद्यावर बसणारे भरलेले गळपट्टे करावे लागते आणि ते प्रत्येक घोड्याच्या मापाचे हवे. बैलाचे जू मात्र गावचा सुतार बाभळीच्या लाकडाचे करून देतो.

वऱ्हाडचे बैल

बुलढाणा जिल्हा दोन नामांकित गोवंशांच्या मधोमध पडतो. पश्चिमेस खानदेशात तापीकाठचा खिल्लार व पूर्वेस वर्धा-नागपूरकडील गवळाऊ.

खिल्लार हा मूळ सातारा, सांगली व सोलापूर भागातील. ‘खिल्लार’ म्हणजे गुरांचा कळप. आटपाडी व म्हसवड येथील खिल्लार विशेष गाजलेले आहेत. तापी खिल्लार ही खानदेशातील शाखा. खिल्लाराची बांधणी सडसडीत, कातडी अंगाला ताणून बसलेली, शिंगे लांब, मागे वळून धनुष्याप्रमाणे वर गेलेली व अणकुचीदार. चाल जलद, स्वभाव तापट. गवळाऊ हा वर्धा व नागपूर जिल्ह्यांत आणि मध्य प्रदेशातील शिवनी, छिंदवाडा या भागांत आढळतो. गायी पांढऱ्या असतात, तर बैलाच्या मानेवर व वशिंडावर करडी छटा येते. मध्यम वजनाचा, हलक्या गाडीला दुडक्या चालीने पळणारा बैल म्हणून त्याची ख्याती आहे. दोन्ही वंशांत गाईचे दूध बेताचेच. कारण पिढ्यान्पिढ्या निवड दुधासाठी न होता कामासाठी झाली.

या दोहोंच्या मध्ये वऱ्हाडचा स्वतःचा बैल होता. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या सरकारी गॅझेटिअरांत वऱ्हाडी गुरांचे दोन प्रकार सांगितले आहेत : लहान चणीचा उमरडा आणि थोर चणीचा खामगावी. दुसऱ्यास बुलढाणा जिल्ह्यातील गावाचेच नाव मिळाले, यात आश्चर्य नाही. खामगाव ही कापसाची मोठी पेठ होती. रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून अमरावतीहून गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. १८६७ साली लोहमार्ग नागपूरला पोहोचला आणि १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत फाटा सुरू झाला. लांबची वाहतूक आगगाडीने घेतली. पण शेतापासून पेठेपर्यंतचा पल्ला बैलाकडेच राहिला. कापसाने भरलेली बंडी काळ्या जमिनीतून ओढून काढण्यास वजनदार बैल हवा होता. पर्शच्या शेतकऱ्याप्रमाणे वऱ्हाडच्या शेतकऱ्यानेही कामाला साजेशी निवड केली. फरक एकच राहिला : त्याने ती वहीत लिहिली नाही.

नोंदीचा प्रश्न

जनावरांच्या जातींची राष्ट्रीय नोंदणी कर्नाल येथील राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन संस्था करते. २०२४ पर्यंत नोंदल्या गेलेल्या महाराष्ट्रातील गोवंशांत खिल्लार, डांगी, देवणी, लाल कंधारी, गवळाऊ, कोकण कपिला आणि गडचिरोलीकडील कठाणी ही नावे आहेत. खामगावी व उमरडा ही नावे नाहीत. ज्या प्रकाराचे वर्णन शंभर वर्षांपूर्वी अधिकाऱ्यांनी लिहून ठेवले, तो इतर रक्तात मिसळत गेला आणि गावातील गुरे सरसकट ‘गावरान’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

दरम्यान कामही आटत आहे. २०१२ च्या पशुगणनेत भारतात सुमारे ६ कोटी ७९ लक्ष नर गोधन होते. २०१९ च्या गणनेत ते सुमारे ४ कोटी ७४ लक्ष उरले. त्याच काळात गायींची संख्या मात्र वाढली. म्हणजे दुधाच्या जनावराला घर आहे, ओढीच्या जनावराला ते दिवसेंदिवस कमी पडत आहे. विदर्भात शंकरपटाची व पश्चिम महाराष्ट्रात बैलगाडा शर्यतीची आवड मोठी. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली घातलेली बंदी डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त उठली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. त्यामुळे चपळ बैलास पुन्हा भाव आला. परंतु शर्यत वेग निवडते. वखराला आणि भरल्या बंडीला लागणारा सावकाश, टिकाऊ जोर ती निवडत नाही.

शाळेने काय करावे

गावातील प्रत्येक गोष्ट नोंदून ठेवण्याची सवय ज्या एका संस्थेस आहे, ती शाळा होय. हजेरीपट व दाखलखारीज पुस्तक नेमाने लिहिणाऱ्या शिक्षकास बैलांची नोंदवही अवघड नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण होते, तेव्हा बैल घरोघर दावणीला असतो. पोळ्याच्या दिवशी गावचे सर्व बैल तोरणाखाली एकत्र येतात. वर्षातून गणनेस याहून सोयीची वेळ नाही.

प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरच्या किंवा शेजारच्या बैलाविषयी पुढील गोष्टी लिहाव्यात : रंग, शिंगांचा आकार, वशिंड, खुरांचा व नाकपुडीचा रंग, छातीचा घेर, कोठून आणला, त्याची आई कोणाच्या गोठ्यातील, आणि तो वर्षभरात कोणकोणती कामे करतो. वय मालकास विचारावे व दातांवरून पडताळावे. बैलाला पुढचे पक्के दात खालच्या जबड्यातच असतात. सुमारे दोन ते अडीच वर्षांचा असताना दोन, पुढे चार, सहा असे येत पाचव्या वर्षाच्या सुमारास आठ पुरे होतात. तोंड मालकानेच उघडावे. मुलांनी दुरून पाहावे. मोजमापाच्या वेळीही मालक दाव्यापाशी उभा असावा.

एवढ्याने एखादी जात अधिकृत ठरत नाही. जातीच्या नोंदणीसाठी तिचा प्रदेश, तिची संख्या, तिची सातत्याने दिसणारी लक्षणे आणि तिचा इतिहास शास्त्रीय पद्धतीने मांडावा लागतो, आणि ते काम पशुवैद्यांचे आहे. पण असा शोध घेणारा पशुवैद्य गावात येईल तेव्हा त्यास पाच-दहा वर्षांच्या सलग वह्या हाती मिळाल्या, तर त्याचे काम पुष्कळ सुकर होईल. पंचायत समितीच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास दर वर्षी तिची एक प्रत द्यावी.

या वहीतून भाषा, गणित आणि परिसर या तिन्ही विषयांचे काम साधते. मुले वर्णन लिहिण्यास शिकतात, घेराची सरासरी काढतात आणि आपल्या शेताचा, चाऱ्याचा व जनावराचा संबंध समजून घेतात. पर्शच्या शेतकऱ्यांची वही त्यांच्या घोड्यास उपयोगी पडली. वऱ्हाडच्या बैलाची वही अद्याप कोरी आहे. ती या पोळ्यापासून लिहिण्यास हरकत नाही.