पांढरीच्या पोटातील समाज

वसतीची जागा ती पांढरी आणि पिकाची जमीन ती काळी, ही वाटणी महाराष्ट्रातील ग्रामस्थांस परंपरेने ठाऊक आहे. जुन्या, ओसाड पांढरीच्या टेकाडांवर पावसाळ्यानंतर रंगीत खापरे, मणी, हाडांचे तुकडे उघडे पडतात. ज्या समाजांना लेखनकला अवगत नव्हती, त्यांचे दप्तर ते हेच. हे दप्तर वाचावयाचे तर वस्तू कोणती सापडली, याइतकेच ती कोठे आणि कशाच्या सोबतीने सापडली, हेही पाहावे लागते. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील इनामगाव हे याचे उत्तम उदाहरण होय.

घोड नदीच्या काठी असलेल्या या स्थळी पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकळिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झेड. डी. अन्सारी यांचा या कार्यात प्रमुख वाटा होता. इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० या काळात येथे नांदलेल्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे गाव त्यातून उजेडात आले.

वस्तूंची साक्ष

घरे कुडामातीची, बहुतांशी चौकोनी होती. घरात चुली आणि धान्य साठविण्याच्या जागा आढळल्या. जळून कोळसा झालेल्या दाण्यांवरून सातू, गहू, मसूर, वाटाणा इत्यादी धान्ये ओळखता आली. तांब्याची हत्यारे थोडी आणि गारगोटीच्या जातीच्या दगडांची पाती विपुल आढळली. यावरून तांबे दुर्मिळ होते, हे कळते. शंखाच्या वस्तू दूरच्या समुद्रकिनाऱ्याशी असलेला संबंध सुचवितात.

वस्तूंमागील कल्पना

मातीचे साधे रांजण कोणत्याही संग्रहालयात दिसतात. इनामगावात मात्र अशी दोन रांजणे तोंडास तोंड लावून घराच्या जमिनीखाली आडवी पुरलेली आढळली आणि त्यांत लहान मुलांचे अवशेष होते. गेलेले मूल गावाबाहेर न नेता आपल्याच छपराखाली ठेवावे, अशी त्या मातापित्यांची भावना असावी. प्रौढांची प्रेतेही घराच्या आवारातच पुरीत. परंतु त्यांची पावले घोट्याजवळ तोडलेली दिसतात. मृताने निघून जाऊ नये, किंवा त्याच्या आत्म्याने भटकू नये, अशी समजूत यामागे असावी, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. तीच रांजणे जमिनीतून काढून फडताळात मांडली असती, तर ती केवळ कुंभारकामाचा नमुना ठरली असती.

नात्यांचा आराखडा

घरांच्या जागांवरून समाजाची घडण उमगते. वसतीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर होते आणि त्याला लागून धान्याचे कोठार होते. याच घराच्या अंगणात, चार पायांच्या एका मोठ्या मृत्कुंभात, सुमारे चाळीस वर्षे वयाचा पुरुष मांडी घातलेल्या स्थितीत पुरलेला आढळला. त्याची पावले तोडलेली नव्हती. घर, कोठार आणि दफनाची ही वेगळी रीत एकत्र पाहिली म्हणजे तो ग्रामप्रमुख असावा, या मतास बळकटी येते. कुंभार आणि इतर कारागीर वसतीच्या पश्चिम बाजूस राहत. नदीचे पाणी वळविण्यासाठी बांध घालून खणलेला पाटही येथे आढळला. असे काम एका कुटुंबाच्या आवाक्यातील नव्हे. ते सर्वांच्या श्रमांनी आणि कोणाच्या तरी आज्ञेने झाले असले पाहिजे.

इ. स. पू. सुमारे १००० नंतर प्रशस्त घरांच्या जागी लहान, गोल झोपड्या दिसू लागतात. हवामान कोरडे होत गेल्याने शेती खालावली, असे मत मांडण्यात आले आहे. पुढे इ. स. पू. सुमारे ७०० मध्ये हे गाव उठले.

जागा सुटली, अर्थ सुटला

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात, प्रवरेकाठी दायमाबाद येथे १९७४ मध्ये रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशी चार भव्य धातुशिल्पे सापडली. ती शास्त्रीय उत्खननात नव्हे, तर एका शेतकऱ्यास झुडपाचे मूळ खणताना मिळाली. त्यामुळे ती कोणत्या थरातील, कोणत्या वस्तूंच्या सोबतची, याची नोंद झाली नाही आणि त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद राहिला. शिल्पे वाचली, परंतु त्यांच्या साक्षीचा मोठा भाग हरपला.

पांढरीची माती पिकास पोषक म्हणून शेतात नेण्याची रीत जुनी आहे. त्यात शेतकऱ्याचा दोष नाही; पण एका उन्हाळ्यात गाड्या भरभरून वाहिलेल्या मातीबरोबर शेकडो वर्षांचे गाव विखुरले जाते. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. महाराष्ट्राचा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळांविषयीचा १९६० चा अधिनियमही अशा स्थळांच्या रक्षणासाठीच आहे.

कायद्याइतकीच गावाची जागरूकता मोलाची ठरते. माती उचलण्यापूर्वी किंवा रस्ता, तलाव, इमारत यांची जागा ठरविताना पंचायतीने टेकाड पाहून घ्यावे. खापरे वा हाडे दिसल्यास काम थांबवून तहसीलदार आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागास कळवावे. शिक्षकांनी मुलांना टेकाड जरूर दाखवावे, मात्र तेथील वस्तू गोळा करावयास सांगू नये. सापडलेली वस्तू जागच्या जागी राहू देणे, हीच तिला बोलते ठेवण्याची पहिली अट आहे.