कात्री लावण्याआधी...

मैत्रिणींनो, पोळा झाला की आपल्या मराठवाड्यात महालक्ष्म्यांची लगबग सुरू होते. पत्र्याच्या कोठ्या माळ्यावरून खाली येतात, मुखवटे पुसले जातात, पिलवंडं सापडतात आणि पेटीतल्या साड्या बाहेर निघतात. आता बाजारात महालक्ष्म्यांसाठी शिवलेल्या साड्याही मिळतात. घातली की झालं! आपल्यासाठीही तसंच. शिवलेली नऊवारी पायजम्यासारखी चढवायची, नाडी बांधायची, की पाच मिनिटांत तयार.

सोय आहे, यात शंकाच नाही. घरचं आवरून नोकरीवर जाणाऱ्या बाईनं निऱ्यांशी झटापट कधी करायची? पण सगळ्याच साड्यांना कात्री लावायची का, एवढंच मला विचारायचंय.

हिंगोलीत आमच्या घराजवळ शिवणकाम करणाऱ्या एक ताई आहेत. सणाच्या दिवसांत त्यांच्याकडे नऊवारी शिवायला रांग लागते. एकदा एक सून आजेसासूची रेशमी साडी घेऊन आली. ताईंनी कापड हातात घेतलं, पण कात्री उचलली नाही. म्हणाल्या, "बाई, ही कापली की फक्त तुझीच होईल. घरी एकदा विचारून ये." दोन दिवसांनी ती परत आली, पण बाजारातली नवी साडी घेऊन!

ताईंचं बोलणं माझ्या मनात घर करून राहिलं. नऊवार म्हणजे सत्तावीस फूट, जवळजवळ सव्वाआठ मीटर अखंड कापड. त्याला माप नसतं. कमरेला गाठ मारा, निऱ्या घाला, काष्टा मागे नेऊन खोचा, उरलेला पदर खांद्यावर घ्या. सडपातळ मुलगी नेसते, तीच साडी अंगानं भरलेली आई नेसते. बाळंतपणानंतर कंबर वाढली तरी साडी उसवावी लागत नाही. शिवलेली मात्र एकाच अंगाची होते.

महालक्ष्म्यांचंही तसंच. पहिल्या दिवशी आवाहन, दुसऱ्या दिवशी महापूजा आणि पुरणावरणाचा नैवेद्य, तिसऱ्या दिवशी विसर्जन. नंतर देवीच्या अंगावरची साडी घरातली सून किंवा माहेरवाशीण प्रसाद म्हणून नेसते. कापून शिवलेली साडी मात्र परत पेटीतच जाते. ती कोणाच्या अंगाला लागत नाही.

घरात जुनी पैठणी असेल तर आणखी जपा. हातमागावरच्या पैठणीच्या पदरात मोर, पोपट, वेलबुट्टी रंगीत धागे हातानं गुंफून विणलेली असते. म्हणून पदर मागून-पुढून जवळपास सारखाच दिसतो. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. असं विणकाम एकदा कापलं की पूर्वीसारखं जोडता येत नाही.

मग करायचं काय? शिवायचीच असेल तर नवी, साधी साडी शिवा. जुनी द्यायचीच झाली तर न कापता, नुसत्या टाक्यांवर बेतता येते का, हे आधी विचारा. टाके उसवले की साडी पुन्हा मोकळी! रेशमी साडी मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि अधूनमधून घडी बदला, नाहीतर घडीवर जर तुटते.

आणि नेसायला शिका. आपल्याकडे खेड्यापाड्यांत रोज नऊवारी नेसणाऱ्या आज्या अजून आहेत. आरसा नाही, पिन नाही, तरी दिवसभर शेतात काष्टा सुटत नाही! यंदा महालक्ष्म्यांना साडी नेसवताना आजीला जवळ बसवा आणि मुलीच्या हातात निऱ्या द्या. पहिल्यांदा चुकतील, दुसऱ्यांदा जमतील. दसऱ्याला रामलीला मैदानावर जायच्या वेळेपर्यंत तीच तुम्हाला नेसवून देईल, बघा!