आपटा कुठला, कांचन कुठला?

दसरा जवळ आला की नाशिकला गंगापूर रोडच्या चौकाचौकांत ‘सोनं’ विकायला येतं. फांद्या आपट्याच्या म्हणून घेतल्या जातात, पण त्यांत कांचनही बिनदिक्कत मिसळलेला असतो. दोन्ही पानं मधोमध दुभंगलेली, त्यामुळे घेणारा फसतो. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं मोठं आणि पातळ. शेजारी शेजारी ठेवली तर फरक चटकन कळतो. पण ठेवतो कोण?

जोड्या लावायचा खेळ नेमकं तेच करायला लावतो. पत्ते पालथे मांडायचे, एका डावात दोन उलटायचे. जुळले तर उचलायचे आणि पुन्हा खेळायचं, नाही जुळले तर जागच्या जागी पालथे. घरोघरी याला ‘मेमरी गेम’च म्हणतात, राव्हेन्सबुर्गर या जर्मन कंपनीने १९५९ साली तो ‘मेमरी’ याच नावाने बाजारात आणला. त्याच्या कितीतरी आधी जपानी दरबारात शिंपल्यांच्या जोड्या जुळवत असत. एका शिंपल्याची दोन अर्धुकं एकमेकांनाच बसतात, तिसऱ्याला नाही, यावर तो सगळा खेळ उभा होता.

दुकानातल्या संचात हत्ती, पेंग्विन, स्ट्रॉबेरी असतात. चित्रं इतकी वेगवेगळी की मुलाला ती नीट बघावीच लागत नाहीत; जागा लक्षात ठेवली की काम झालं. संच घरी करायचा तो पैसे वाचवायला नव्हे. कुठलं चित्र कुठल्याच्या किती जवळ जाणारं ठेवायचं, हे घरच्या संचात आपल्या हातात असतं, म्हणून करायचा.

आणि त्यासाठी झाडाच्या पानांसारखं सामान नाही. तारा‍बाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मॉंटेसरीची साधनं महाग, खेड्यात मिळणं कठीण. त्यांनी बिया, खडे, शंख-शिंपले, पानं यांचीच साधनं केली. आज ऑनलाइन मागवलेल्या ‘ॲक्टिव्हिटी किट’चं खोकं उघडताना हे आठवलं तर बरं.

गंगापूर रोडला पानं शोधायला लांब जायला नको. सोसायट्यांच्या कुंपणाला कांचन, करंज. आनंदवलीवरून सोमेश्वरकडे निघालात की वड, पिंपळ, आंबा. पडलेली पानं उचलावीत, ओरबाडू नयेत. वड-पिंपळाच्या ताज्या पानाला चीक असतो आणि त्याने कागद डागाळतो, म्हणून अशी पानं रात्रभर रद्दीत दाबून ठेवायची. मग पान उपडं ठेवायचं, म्हणजे शिरांची उठावदार बाजू वर येते. त्यावर पातळ कागद धरून मेणखडू आडवा, हलक्या हाताने फिरवायचा. आधी मधली शीर उमटते, मग तिला फुटलेले फाटे, शेवटी कड. पिंपळाचं लांब टोक कागदावर आलं की पोरं हमखास ओरडतात. चिंच-गुलमोहराच्या नादी लागू नका. बारीक पर्णिकांचा ठसा म्हणजे नुसता गिचमिडकाला.

सगळ्यांत सोपा संच एकाच पानाच्या दोन ठशांचा. बालवाडीतल्या मुलाला तेवढा पुरे. पहिली-दुसरीतल्याला मात्र एकाच झाडाची दोन निराळी पानं द्यावीत, एक थोराड, दुसरं कोवळं किंवा किडीने कुरतडलेलं. आता आकारमानावर विसंबून चालत नाही. शिरांची ठेवण, टोक, कड पाहावीच लागते. या संचात आपटा आणि कांचन दोघांनाही घुसवा. त्यापुढचा संच पान आणि त्याच झाडाची शेंग किंवा फळ यांचा. त्यात मोठी माणसंसुद्धा अडखळतात, आणि ते मुलांना फार आवडतं.

पुठ्ठा जुन्या लग्नपत्रिकांचा किंवा साडीच्या खोक्याचा चालतो. सहा सेंटिमीटरचा चौकोन छोट्या हाताला बरा पडतो. एकाच बाजूला कागद डकवला तर वाळताना पुठ्ठा वळतो, म्हणून दुसऱ्या बाजूलाही तसाच कागद लावून पाटाखाली दाबून ठेवायचा.

ही दुसरी बाजूच खेळ तारते किंवा बुडवते. सगळ्या पत्त्यांची पाठ हुबेहूब सारखी हवी. फेव्हिकॉलचा एक थेंब, एखादी तिरकी कापलेली कड, आणि मुलं दुसऱ्याच डावाला ती खूण हेरतात. मग लक्षात ठेवायला काही उरत नाही. वह्यांना घालतात तो खाकी कागद चांगला, पण रेघांचा नको. चौकोनी पत्ता फिरला की रेघाही फिरतात. १९२८पासून ज्या शहरात नोटा छापल्या जातात तिथल्या लोकांना एकसारखेपणाचं महत्त्व मी काय सांगणार! सावंतवाडीच्या गंजिफावाल्यांनाही ते पक्कं ठाऊक. त्यांच्या दशावतारी संचात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे १२० गोल पत्ते. पुढून एकेकावर हाताने रंगवलेलं चित्र, पण पाठीवरून कुणाचा मत्स्य नि कुणाचा कूर्म ते कळता कामा नये.

पत्ते किती घ्यायचे, याला थोडं गणित आहे. बारा पत्ते, म्हणजे सहा जोड्या मांडल्या, तर पहिल्या डावात आंधळेपणाने जोडी लागण्याची शक्यता अकरात एक. वीस पत्त्यांत ती एकोणीसात एक होते. लहान मुलाला सुरुवातीला काहीच लागलं नाही तर ते उठून जातं, म्हणून तीन-चार जोड्यांवरून सुरुवात करून वाढवत न्यावं. उलटलेला एकही पत्ता न विसरणाऱ्या खेळाडूलाही एकट्याने दहा जोड्या उचलायला सरासरी सोळाच्या आसपास डाव लागतात. वीस-बावीस डावांत संपवणाऱ्या नातवाला ‘लक्ष कुठे आहे तुझं?’ म्हणायच्या आधी आजोबांनी स्वतः खेळून पाहावं.

दुसऱ्या संचात भांडणं होतात. ‘हे करंजाचं नाहीच,’ असं म्हणून कुणीतरी जोडी अमान्य करतं. त्यासाठी ठसे काढलेली मूळ पानं फेकू नयेत. जुन्या वहीत चिकटवून खाली झाडाचं नाव आणि कुठे सापडलं ते लिहून ठेवावं. वही पाहूनही मिटलं नाही, तर दोघांनाही चपला घालायला लावून त्या झाडाखाली घेऊन जावं.