मागितल्यावर दोन मिनिटांत

सोनारीच्या शेतकऱ्याला सातबारा आज मोबाइलवर मिळतो. आजोबांच्या वेळचा फेरफार हवा असला आणि तो स्कॅन झालेला नसला, तर परंड्याला तहसीलमध्ये अर्ज द्यायचा, मग कोणीतरी अभिलेख कक्षात जाऊन रुमाल सोडणार. संगणकातल्या साठवणीचीही अशीच दोन टोकं आहेत: सतत फिरणाऱ्या डिस्कवरची माहिती क्षणात हजर होते, कपाटात कुलूपबंद ठेवलेली टेप मात्र माणसाने आणून द्यावी लागते. या दोहोंच्या मधली पायरी म्हणजे निअरलाइन साठवण, आणि तिचं सर्वांत देखणं यंत्र म्हणजे टेप लायब्ररी.

आत खणाखणांतून टेप रचलेल्या असतात, मोठ्या यंत्रात हजारो. प्रत्येकीवर बारकोड. मागणी आली की रोबोचा हात रुळावरून सरकतो, नेमकी टेप ओढून ड्राइव्हमध्ये घालतो. फीत हव्या त्या जागी येईपर्यंत मिनिट-दोन मिनिटं जातात. माणूस मध्ये कुठेच नाही. वापरणाऱ्याला फाइलचं नाव यादीत नेहमीसारखंच दिसतं, फक्त ती उघडायला थोडा वेळ लागतो. आयबीएमने ३८५० हे असं यंत्र १९७४ मध्येच आणलं होतं. एलटीओ प्रकारच्या टेपच्या नवव्या पिढीत, म्हणजे एलटीओ-९ मध्ये, अर्धा इंच रुंदीची, १,०३५ मीटर लांबीची फीत असते आणि तिच्यावर १८ टेराबाइट मावतात. खणात पडून असलेल्या टेपला वीज लागत नाही. वर्षातून एकदाच लागणाऱ्या माहितीसाठी डिस्क रात्रंदिवस फिरवत ठेवणं मला उधळपट्टी वाटते.

रोजच्या बारीकसारीक फाइलींना मात्र हे यंत्र निरुपयोगी, आणि देखभालही सुटत नाही. एलटीओ-९ चा ड्राइव्ह फार तर एक पिढी मागची टेप वाचतो. त्यामुळे दर काही वर्षांनी सगळा साठा नव्या टेपवर उतरवावाच लागतो. हा खर्च टाळला, तर टेप शाबूत राहते पण वाचणारा ड्राइव्ह उरत नाही.

माध्यम कोणतंही असो, जुनी माहिती मागितल्यावर मिळाली की काय होतं, हे नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने दाखवलं आहे. तिथे २०१० ते २०१२ दरम्यान १५० मेगाहर्ट्झवर आकाशाची पाहणी झाली. तोच साठवलेला डेटा खगोलशास्त्रज्ञ ह्यूब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी नव्या पद्धतीने पुन्हा तपासला आणि २०१७ मध्ये सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ स्रोतांची यादी प्रसिद्ध केली. त्यासाठी दुर्बीण पुन्हा आकाशाकडे वळवावी लागली नाही.