ओंडके, बुडखे आणि जवसाचं तेल

फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये डोव्हटेल जॉइंट आपण सगळ्यांनीच केलाय. रंधा मारून हाताला फोड यायचे, आणि शेवटी सर जॉबच्या फटीत पट्टी सरकवून विचारायचे, "हवा खेळती ठेवलीये का?" जर्नलवर सही झाली की लाकडाशी आपला संबंध संपला.

माझा तो जरा टिकला, कारण माझ्या मामांची लाकडाची वखार आहे. सुट्टीत तिथे बसलं की पहिलं काम म्हणजे ओंडक्याचा घेर टेपने मोजायचा आणि घनफूट काढायचे. सूत्र सोपं आहे. घेराला चारने भागा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा आणि लांबीने गुणा. तुम्ही नीट हिशोब केलात तर लक्षात येईल, की गोल ओंडक्याचं खरं आकारमान यापेक्षा जास्त भरतं. हे सूत्र साधारण ७८.५ टक्केच धरतं. उरलेलं साल आणि चिरकामातली तूट म्हणून सोडून द्यायचं. मामा म्हणतात, "झाड बघितलं की मला आधी घनफूट दिसतात, मग पानं."

अशी नजर घेऊन मी जंगलतोडीची, ओंडक्यांची आणि लाकडी घरांची तैलचित्रं बघायला लागलो. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात अमेरिका आणि कॅनडामध्ये या विषयावर भरपूर काम झालंय. बघता बघता एक गोष्ट जाणवली. वखारीत फक्त ओंडका येतो. तो जिथून आला तिथे राहिलेला बुडखा आपल्याला कधीच दिसत नाही. या चित्रकारांनी मात्र दोन्ही रंगवलं, आणि पुष्कळदा बुडखा अगदी पुढे आणून ठेवला.

चित्र तरी कशाचं?

आधी थोडं मटेरियल सायन्स. तैलरंग म्हणजे रंगाची पूड आणि तेल. हे तेल बहुधा जवसाचं, म्हणजे ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो त्याचंच. तैलरंग वाळतो म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं, असं अनेकांना वाटतं. तसं काही होत नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि पातळ तेलाचा घट्ट पापुद्रा बनतो. आपल्या भाषेत पॉलिमरायझेशन. म्हणूनच 'खालच्या थरात तेल कमी, वरच्या थरात जास्त' हा नियम चित्रकार पाळतात. उलटं केलं तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा नंतर हलतो आणि चित्राला भेगा पडतात.

गंमत म्हणजे रंग पातळ करायला जे टर्पेंटाइन वापरतात ते पाइनच्या राळेपासून काढतात. कॅनव्हास ताणायची चौकटही लाकडाचीच. म्हणजे झाडाचं चित्र बरंचसं झाडांच्याच जिवावर उभं असतं. सालीचा खडबडीतपणा दाखवायला तर तैलरंगासारखं माध्यम नाही. जाड रंग सुरीने किंवा ब्रशने थापला की तो तसाच उंचवटा धरून राहतो. आणि १८४१ साली जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने रंगासाठी पिळायच्या धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतल्यावर रंग खिशात टाकून रानात जाणं सोपं झालं.

लाकडी घर आणि निवडणूक

ओंडक्यांचं घर, म्हणजे लॉग केबिन, ही अमेरिकेची खूण मानली जाते. पण ही पद्धत तिथे नेली ती १६३८ पासून डेलावेअर नदीकाठी वसाहत करणाऱ्या स्वीडिश आणि फिनिश लोकांनी. आपल्याकडे कोकणात किंवा घाटावर लाकूड प्रामुख्याने उभ्या खांबात आणि आडव्या तुळईत येतं. केबिनमध्ये अख्खे ओंडके आडवे, एकावर एक रचून भिंतच उभी करतात. कोपऱ्यात खाचा पाडून ते एकमेकांत अडकवायचे, आणि चांगल्या कारागिराची खाच चक्क डोव्हटेल असते! फटींत माती, शेवाळ आणि लाकडाचे तुकडे भरायचे. भिंतीला खिळ्यांची गरज जवळजवळ नाही.

यात एक मेख आहे. लाकूड वाळताना लांबीत जेमतेम ०.१ टक्का आक्रसतं, पण जाडीत काही टक्के. ओंडके आडवे रचल्यामुळे ती सगळी घट भिंतीच्या उंचीत उतरते. ओल्या ओंडक्यांची आठ फुटी भिंत चार-सहा इंचांनीसुद्धा खाली बसू शकते. म्हणून दारा-खिडक्यांच्या चौकटीवर मोकळी जागा सोडावी लागते, नाहीतर भिंतीचा भार चौकटीवर येतो.

१८४० च्या अमेरिकन निवडणुकीत विल्यम हेन्री हॅरिसन यांचा प्रचार 'लॉग केबिनमधला साधा माणूस' असा झाला आणि ते निवडूनही आले. प्रत्यक्षात त्यांचा जन्म व्हर्जिनियातल्या एका मोठ्या मळ्यावरच्या वाड्यात झालेला. तात्पर्य, केबिन ही तोवर नुसती इमारत राहिली नव्हती, ती प्रतिमा झाली होती.

याच वातावरणात थॉमस कोल (१८०१-१८४८) काम करत होता. इंग्लंडमध्ये जन्मलेला, १८१८ मध्ये अमेरिकेत आलेला हा माणूस तिथल्या निसर्गचित्रांच्या 'हडसन रिव्हर स्कूल'चा प्रवर्तक मानला जातो. त्याचं १८४७ चं 'होम इन द वुड्स' बघा. तळ्याकाठी केबिन, मासे घेऊन घरी येणारा बाप, त्याच्याकडे बघणारी बायको-पोरं. सुखी संसार. पण घराच्या आसपास नजर फिरवा, बुडखे आहेत. हे घर ज्या झाडांचं झालं ती झाडं. कोलने ती झाकली नाहीत.

एकच नदी, दोन चित्रं

कोलचा मुद्दा सर्वात स्पष्ट कळतो तो त्याच्या दोन चित्रांच्या जोडीतून. पहिलं 'व्ह्यू ऑन द कॅट्सकिल, अर्ली ऑटम' (१८३६-३७), जे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. दुसरं 'रिव्हर इन द कॅट्सकिल्स' (१८४३), बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये. जागा तीच, डोंगर तेच. पहिल्यात झाडांच्या महिरपीतून नदी दिसते. दुसऱ्यात ती महिरपच गेली आहे. पुढे कुऱ्हाड घेतलेला माणूस उभा आहे आणि लांबवर पुलावरून आगगाडी चालली आहे, अगदी बारीक, शोधावी लागते.

सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला आपण एकाच स्टेशनवरून पुन्हा रीडिंग घेतो, तसं हे आहे. कोलने १८३६ मध्ये अमेरिकन निसर्गावर जो निबंध छापला, त्यात वाढत्या कुऱ्हाडीबद्दलची खंत लिहिलीच आहे. पण मला जोडी जास्त पटते. तिच्यात तक्रार नाही, फक्त दोन रीडिंग आहेत.

नदीतून मालवाहतूक

आता थोडं उत्तरेला, कॅनडात. रस्ते नसलेल्या जंगलातून हजारो ओंडके बाहेर काढायचे कसे? उत्तर होतं नदी. हिवाळ्यात झाडं तोडायची, बर्फावरून घसरगाड्यांनी ओंडके नदीकाठी आणायचे आणि वसंतात बर्फ वितळून पाणी चढलं की सोडून द्यायचे. पाणी कमी पडलं तर छोट्या धरणांत ते साठवून एकदम सोडायचं. पाइनचं लाकूड पाण्यापेक्षा बरंच हलकं, त्यामुळे तरंगतं. (ओलं सागवान तरंगत नाही. म्हणून ब्रह्मदेशात सागाच्या खोडाभोवती सालीच्या आत खोल कडं कोरून झाड उभ्याउभ्या दोन-तीन वर्षं वाळू द्यायचे, मग तोडायचे.)

वळणावर ओंडके अडकून डोंगर व्हायचा. तो फोडायला माणसं त्यावर चढायची. हातात टोकदार दांडा आणि त्याला बाजूला हलता लोखंडी आकडा. हे अवजार १८५० च्या दशकात मेन राज्यातल्या जोसेफ पीव्ही नावाच्या लोहाराने सुधारलं, आजही त्याला 'पीव्ही'च म्हणतात. साधी तरफ, पण नेमका ओंडका सुटला की सगळा ढीग माणसासकट धावत सुटायचा. कितीतरी जण यात गेले.

टॉम थॉमसनने हे जवळून बघितलं. १९१६ मध्ये तो ओंटारिओतल्या अल्गोंक्विन पार्कमध्ये वणव्यांवर लक्ष ठेवणारा रेंजर होता आणि पेटावावा नदीतून निघालेल्या ओंडक्यांच्या मागोमाग फिरला. त्या हिवाळ्यात त्याने 'द ड्राइव्ह' रंगवलं. धरणाच्या दरवाजातून येणारा ओंडक्यांचा लोंढा आणि लांब दांडे घेऊन त्याला वाट करून देणारी माणसं. या चित्रात बुडखा नाही, पण श्रम आहेत. घनफुटाच्या दरात जो माणूस दिसत नाही तो इथे दिसतो. जुलै १९१७ मध्ये थॉमसन त्याच पार्कमधल्या कॅनू लेकमध्ये बुडून गेला, चाळिशीही गाठली नव्हती. अमेरिकेत केनेबेक नदीवरची अशी वाहतूक थेट १९७६ पर्यंत चालू होती.

नाकारलेली झाडं

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर एमिली कार (१८७१-१९४५) राहत होती. पैशाची कायम चणचण. म्हणून १९३० च्या दशकात तिने स्वस्त कागद घेतला आणि तैलरंग चक्क पेट्रोलमध्ये पातळ करून वापरला. (रूमवर करून बघू नये. रेक्टर सरांना उत्तर देताना माझं नाव सांगू नये.) रंग झरझर वाहतो आणि लगेच वाळतो, त्यामुळे तिची आकाशं अक्षरशः हलताना दिसतात.

१९३५ च्या तिच्या एका चित्राच्या नावाचा अर्थ 'लाकूड म्हणून नाकारलेली, आकाशाची लाडकी' असा होतो. सगळं जंगल तोडून झालंय आणि काही उंच, काटकुळी झाडं तेवढी उरलीत, कारण त्यांच्यातून फळ्या निघाल्या नसत्या. वखारीच्या भाषेत रिजेक्ट माल. कारने तीच झाडं उजेडात उभी केली.

बुडख्यांबद्दल तिने केलेलं निरीक्षण तर कुठल्याही मेकॅनिक्सच्या तासाला सांगावं असं आहे. झाड पाडताना पडायच्या बाजूला आधी पाचरीसारखी खाच घेतात, मग मागून करवत चालवतात, पण मध्ये एक पट्टी न कापता ठेवतात. ती बिजागरीचं काम करते आणि झाड ठरल्या दिशेला झुकतं. शेवटी त्या पट्टीचे तंतू ताण सहन न होऊन फाटतात, आणि बुडख्यावर फाटलेल्या ढलप्यांची एक रांग उभी राहते. आपण तिला टेन्शन फेल्युअर म्हणू. कारने आपल्या रोजनिशीत त्यांना 'किंचाळणारे' म्हटलंय. दोन्ही वर्णनं एकाच ढलपीची आहेत, आणि दोन्ही बरोबर आहेत.

बुडख्यांचं चित्र असलेलं घर

यातून पुढे काही होतं का, असं कोणीही विचारेल. त्यासाठी पुन्हा कॅट्सकिलमध्ये, १८६६ सालात जावं लागेल. तिथल्या हेमलॉक झाडांच्या सालीत टॅनिन असतं, ते कातडी कमावायला लागतं. त्यासाठी साल सोलून न्यायची आणि पुष्कळदा अख्खं झाड तिथेच कुजायला सोडायचं. सॅनफर्ड गिफर्डने याच भागाचं 'हंटर माउंटन, ट्वायलाइट' रंगवलं. मागे सांजेच्या उजेडात सुंदर डोंगर, आणि पुढे सगळा माळ बुडख्यांनी भरलेला.

हे चित्र जेम्स पिंचो यांनी विकत घेतलं. त्यांच्या वडिलांनी लाकडाच्या धंद्यात पैसा केला होता. चित्रकार घरोब्याचा, इतका की १८६५ मध्ये झालेल्या मुलाचं नाव त्यांनी गिफर्डच ठेवलं. १८८५ मध्ये कॉलेजला जाताना बापानेच या मुलाला सुचवलं, वनशास्त्र शिकशील का? तेव्हा अमेरिकेत हा विषय शिकवणारं कोणी नव्हतं. गिफर्ड पिंचो फ्रान्सला गेला आणि त्याला मार्गदर्शन मिळालं ते डीट्रिश ब्रँडिस यांचं. हे ब्रँडिस म्हणजे ब्रह्मदेशातल्या सागाच्या जंगलांवर काम करून १८६४ मध्ये भारताचे पहिले वन महानिरीक्षक झालेले गृहस्थ. पुढे १९०५ मध्ये अमेरिकेची वनसेवा स्थापन झाली तेव्हा तिचा पहिला प्रमुख गिफर्ड पिंचो होता.

चित्र लावलं म्हणून खातं निघालं, असं समीकरण मांडता येणार नाही. पण लाकडावर श्रीमंत झालेल्या घराने बुडख्यांचं चित्र पैसे देऊन घेतलं, ही गोष्ट मला मोठी वाटते.

याला दुसरी बाजूही आहे. जंगल राखायचं म्हणजे कोणापासून? आपल्याकडे वनखात्याने गावांची चराऊ रानं ताब्यात घेतली, तेव्हा महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये (१८८३) त्यावर कडक टीका केली. आणि कोलच्या सुखी केबिनच्या चित्रातही त्या जमिनीवर आधी राहणारे मूळ रहिवासी कुठेच नाहीत. चित्र रेकॉर्ड असतं, पण रेकॉर्ड ठेवणारा कुठे उभा होता तेही बघावं लागतं.

मग आपण काय करायचं?

मी झाडं तोडूच नका म्हणणाऱ्यांतला नाही. मामांच्या वखारीवर आमच्या घरातली तीन शिक्षणं झाली आहेत, त्यात माझंही चालू आहे. पण सिव्हिलवाल्यांनी रस्त्याच्या कामाचं एस्टिमेट उघडून बघावं. झाडतोडीचा आयटम असतो, घेराप्रमाणे, नगावर. त्यात बुडखा येतो तो फक्त 'काढून टाकणे' म्हणून. गेल्या वर्षी हॉस्टेलमागे पार्किंगसाठी झाडं पाडली, तेव्हाही बुडखे दोन दिवसांत जेसीबीने उचलले गेले. आज तिथे किती झाडं होती असं विचारलं तर मेसमध्ये चार जणांचे चार आकडे येतात.

सर-मॅडमना आणि मित्रांना एकच सुचवतो. कॅम्पसवर पुढचं काम निघेल तेव्हा खोदाईच्या आधी एक फोटो आणि नंतर एक, एकाच जागेवरून, तारीख टाकून काढू या. कोलच्या त्या दोन चित्रांसारखे. झाडांची जात आणि घेरही लिहू या. सिव्हिलच्या सेकंड इयरला सर्व्हेसाठी तेवढंच एक प्रॅक्टिकल होईल, आणि मेसमधला वाद तरी मिटेल.