इंग्रजी व्याकरणातील सामान्यनाम व विशेषनाम

सामान्यनाम आणि विशेषनाम हे इंग्रजी व्याकरणातील नामाचे दोन प्रमुख प्रकार होत. एका जातीच्या प्रत्येक घटकाला लागू पडणारे नाम ते सामान्यनाम (शहर, नदी, विणकर, यंत्रमाग). त्या जातीतील एकच घटक ओळखता यावा म्हणून ठेवलेले नाव ते विशेषनाम (भिवंडी, कामवारी, सोमवार). मराठी व्याकरणातही हा भेद मानला जातो. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या १८३६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठी व्याकरणाच्या मांडणीवर इंग्रजी व्याकरणाची छाप आहे.

लेखनातील खूण

व्याख्या सारखी असली तरी इंग्रजीत हा भेद लिहून दाखवावा लागतो. विशेषनाम वाक्यात कोठेही आले तरी त्याचे पहिले अक्षर मोठे, म्हणजे कॅपिटल असते. वार, महिने व भाषांची नावे यांनाही हा नियम लागू आहे. ऋतूंच्या नावांना सहसा नाही. देवनागरी, उर्दू व तेलुगू या लिप्यांत मोठी-लहान अक्षरे नाहीत. त्यामुळे या तिन्ही भाषा बोलल्या जाणाऱ्या भिवंडीसारख्या शहरातील विद्यार्थ्याला ही खूण इंग्रजीतच प्रथम भेटते.

दुसरी खूण उपपदाची. एकवचनी गणनीय सामान्यनामापूर्वी 'अ', 'ॲन', 'द' किंवा 'माय' यांसारखा शब्द लागतो. शहराच्या नावापूर्वी उपपद येत नाही ('द हेग' हा प्रसिद्ध अपवाद), मात्र नद्या, समुद्र व पर्वतरांगा यांच्या नावांपूर्वी 'द' येते.

मराठीशी तुलना

भिवंडी ज्या जिल्ह्यात आहे तो ठाणे जिल्हा आणि शेजारचे कल्याण शहर, ही दोन्ही नावे मराठीत सामान्य अर्थाचे शब्दही आहेत. 'त्याला ठाण्यात नेले' या वाक्यात शहर अभिप्रेत आहे की पोलीस ठाणे, हे संदर्भावरूनच ठरते. इंग्रजी भाषांतर करणाऱ्याला मात्र कॅपिटल अक्षर आणि 'द' यांचा निर्णय करावाच लागतो, आणि तो चुकल्यास बातमीचा अर्थ बदलतो.

तथापि मराठीत अशी खूण मुळीच नाही, हे शालेय पुस्तकांतून होणारे मत पुरते खरे नाही. अकारान्त विशेषनाम पुष्कळदा सामान्यरूप टाळते: 'कल्याणचा रस्ता' पण 'लोकांच्या कल्याणाचा विचार', 'प्रकाशची वही' पण 'प्रकाशाची तिरीप'. येथे कॅपिटल अक्षराचे काम एक आकार करतो. ठाणे, पुणे अशा एकारान्त नावांना मात्र ही सवलत नाही.

प्रकार बदलणे

नाम एका प्रकारातून दुसऱ्यात जाऊ शकते. पाटील, कुलकर्णी, देशमुख हे मूळचे हुद्दे. आडनाव झाल्यावर ते इंग्रजीत कॅपिटल अक्षराने लिहिले जातात. विशेषनाम एरवी एकवचनी मानतात, पण 'वर्गात तीन पाटील आहेत' असे म्हटले की ते सामान्यनामासारखे वापरले जाते. इंग्रजीत अशा वेळी अनेकवचनाचा प्रत्यय लागतो, कॅपिटल अक्षर मात्र टिकते. उलट दिशेचा प्रवास व्यापारी नावांत दिसतो: 'डालडा' हे एका उत्पादनाचे नाव मराठी घरांत वनस्पती तुपाचेच नाव झाले. कापडाच्या व्यवहारातील 'कॅलिको' हा शब्द कालिकत या बंदराच्या नावावरून आला. इंग्रजीत तो आज लहान अक्षरानेच लिहितात.