हृदयाला रक्त कोण पुरविते?

कळवा स्थानकाच्या पुलाचा जिना चढताना एखाद्याच्या छातीत कळ येते, थांबताच शमते. आणि ‘पित्त असेल’ म्हणून तो पुढे निघतो.

हृदयाच्या पोकळ्यांतून अविरत रक्त वाहत असले, तरी त्याच्या स्नायूंचे पोषण महारोहिणीच्या मुळाशी फुटणाऱ्या दोन हृद्‌रोहिण्यांवर अवलंबून असते. विश्रांतीच्या वेळी त्यांतून मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर रक्त जाते. त्यातील सुमारे ७० टक्के प्राणवायू हृदय तेव्हाच शोषून घेते. म्हणून श्रम वाढले की अधिक रक्त मागविणे हाच मुख्य मार्ग उरतो. ही मागणी मेंदूच्या हुकमासाठी अडून राहत नाही. राबणाऱ्या स्नायूत निर्माण होणारी ॲडेनोसीनसारखी द्रव्येच सूक्ष्म रोहिण्या रुंदावतात व निरोगी हृदयात प्रवाह चौपट-पाचपट होऊ शकतो.

मोठी रोहिणी मेदाच्या थरांनी अरुंद झाली, की सूक्ष्म रोहिण्या विश्रांतीतच रुंदावून तूट भरून काढतात. बसलेल्या माणसाला त्यामुळे काहीच जाणवत नाही. जिन्यावर मात्र आणखी रुंदावण्यास वाव नसतो. कार्यालयीन भाषेत सांगावयाचे तर राखीव निधी आधीच खर्ची पडलेला असतो. अशी कळ वैद्यकीय तपासणीस पात्र आहे. थांबूनही ती शमली नाही, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. ठाणे महानगरपालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय कळव्यातच आहे.